चौथं नाव

भूमितीच्या बाईंनी पट्टी वहीवर आपटली आणि पाचव्यांदा तेच विचारलं, की ही वहीवाली कोण आणि ती यानात चढली कधी.

पडद्यावर कप्तान तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबला होता, हातात दिवा, कपाळावर आठी. दादाने चित्र नेमकं तिथेच अडवून धरलं होतं आणि रिमोटवर अंगठा ठेवून तो खाली बघत बसला होता. त्याची धाकटी बहीण दाराजवळच्या स्टुलावर होती. तिने अजून चहाला तोंड लावलं नव्हतं.

ही दादाच्या चष्म्याच्या दुकानामागची खोली. वर्षअखेरच्या सुट्टीमुळे दुकान बंद, काचा घासायचं यंत्र फडक्याखाली झाकलेलं, भिंतीवर नजर तपासायची अक्षरांची पाटी, आणि तिच्यासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवाला. त्याने तीस वर्षं बस चालवली. आता निवृत्त झाला, तरी कुठेही गेला की त्याला सगळ्यांत पुढची जागा लागते. त्याच्या मागे शिंपीण, मांडीवर टाचण्यांची डबी घेऊन. खुर्च्या चार आणि माणसं पाच, म्हणून बहिणीच्या वाट्याला स्टूल. दर वर्षी खास भाग लागला की दुसऱ्या दिवशी दुपारी ही पाच माणसं इथे जमतात आणि त्याचा पंचनामा करतात. आवडला असेल तरी करतात. नसेल आवडला तर, आज चाललं होतं तशी, सालटी काढतात.

'नऊ नंबरचं यान' एकतीस वर्षं चालू होतं. इतकी वर्षं चालणारी मालिका सगळी चांगलीच असते असं नाही, हे या लोकांना कुणी शिकवायला जाऊ नये. त्यांनी ते वहीत मांडून ठेवलं आहे. वहीत मालिकेच्या चुका आहेत. कप्तानाच्या कोटाचं तिसरं बटण कोणत्या भागात निळं होतं, यानाचा जिना डावीकडून उजवीकडे कधी सरकला, मेलेला आचारी पुढच्याच भागात मागच्या रांगेत कसा उभा होता. पहिली चूक दादाने लिहिली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, बहीण बारा. वही आता तिसऱ्या बांधणीत आहे, आणि तिचे नियम शाळेच्या नियमांपेक्षा कडक आहेत. चूक ज्याला सापडली त्याने ती आधी बोलून दाखवायची. बाकीच्यांनी ती मोडून काढायचा प्रयत्न करायचा. शेवटी मुका फेरा, म्हणजे आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा बघायचा, कारण माणूस बोलायला लागला की बघणाऱ्याचं लक्ष त्याच्या बटणांवर राहत नाही. एवढं झालं की मग शाई.

एका गोष्टीत मात्र आजवर चूक सापडली नव्हती. दर खास भागाच्या शेवटी कप्तान दिवा हातात घेतो आणि यानातून गेलेल्या, परत न आलेल्या अकरा जणांची हजेरी घेतो. नावं नाहीत, फक्त कामं. नकाशेवाली, थोरला इंजिनिअर, धाकटा इंजिनिअर, पाणीवाला, आणि असं करत करत शेवटची माळीण. मग दिवा फुंकतो. बावीस वर्षं तेच अकरा जण, त्याच क्रमाने. घरोघरी लोक टीव्हीसमोर उभे राहून त्याच्याबरोबर म्हणतात. इथे दुसऱ्या दिवशी पंचनामा संपला की दादा उभा राहून म्हणतो, कागद न बघता, आणि तो आजवर एकदाही अडखळलेला नाही. या गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान आहे तेवढा दुकानाचाही नाही.

काल संध्याकाळी कप्तानाने तीन नावं बरोबर घेतली. चौथ्याला थांबला. मग म्हणाला, वहीवाली. आणि उरलेले सात तसेच सोडून त्याने दिवा फुंकला.

बसवाल्याने कालपासून फोन खाली ठेवला नव्हता. लोक काय काय लिहितायत ते तो चवीने वाचून दाखवत होता. नव्या रोबोला गाणं म्हणायला सहा मिनिटं आहेत आणि मेलेल्यांना अर्धं मिनिट नाही. मालिका आता बंद करा. म्हाताऱ्याला आरामखुर्ची द्या. एकाने लिहिलं होतं की कप्तान आजकाल तोंडातल्या तोंडात बोलतो, जणू उपकार करतोय. हे वाचताना बसवाल्याचा आवाज चढला, कारण ते त्यानेच लिहिलं होतं.

बाईंचा राग वेगळ्या जातीचा होता. त्यांना रोबोचं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, अकरा म्हणजे अकरा; त्रिकोणाला कधी चौथा कोन फुटतो का? आणि हे असं आपोआप होत नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. कुणीतरी लिहिलं, कुणीतरी वाचलं, कुणीतरी चालेल म्हणून सही केली. सही करणाऱ्याला त्या शोधत होत्या.

शिंपीण सगळ्यांत कमी बोलली, आणि तिचंच जास्त लागलं. म्हणाली, तिचा नवरा गेला त्या वर्षापासून ती अकरा झाले की मनातल्या मनात बारावं नाव घेते. माळीण म्हटलं की लगेच त्याचं, दिवा विझायच्या आत. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

"काल मी तयार होऊन उभी होते," ती म्हणाली. "आणि त्यानं चारातच फुंकला."

बहिणीने कप खाली ठेवला. तो बशीवर जरा जोरात टेकला.

नऊ नंबरच्या यानावर वहीवाली कधीच नव्हती हे खरं. ती चित्रीकरणाच्या जागी होती, एकोणीस वर्षं, कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, खाटेसारख्या एका फळीवर. मागच्या भागात काय घडलं, कुणी कोणत्या हाताने दार उघडलं, कुणाच्या कोटाला कुठे ठिगळ आहे, हे सगळं तिच्या वहीत. तिने बरोबर म्हटल्याशिवाय एकही प्रसंग पुढे जात नसे. तिला ही नोकरी मिळाली तीच मुळी दादाच्या वहीमुळे. त्याने चुकांची नक्कल काढून मालिकेच्या कचेरीत पाठवली होती आणि खाली स्वतःचं आणि बहिणीचं नाव घातलं होतं. उत्तर आलं तेव्हा त्याने दुकान टाकलं होतं, म्हणून ती गेली. तिथे तिला कुणी नावाने हाक मारत नाही. कप्तानाने पहिल्याच आठवड्यात वहीवाली म्हटलं आणि तेच चिकटलं. हे तिने घरी येऊन एकाच माणसाला सांगितलं होतं. तो आता रिमोटवर अंगठा ठेवून खाली बघत होता.

दादाला ती कोण ते माहीत होतं. काल संध्याकाळी सहा-चाळीसपासून माहीत होतं. दुपारभर त्याने तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, आणि ती येते तेव्हा तिच्यासाठी उशीची खुर्ची राखून ठेवायची त्याची सवयही आज मोडली होती.

तिला काय वाटत होतं? तिला भीती वाटत होती. वहीत नाव लागेल याची नाही. मुक्या फेऱ्याची.

चित्रीकरणाच्या दिवशी हजेरीचा प्रसंग त्यांनी चौदा वेळा घेतला. पहिल्या वेळी कप्तान सहाव्या नावापर्यंत गेला. नंतर पाच. मग तीनच्या पुढे जाईना. मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा धरला तर तो पुठ्ठ्याकडे बघे आणि कशासाठी बघतोय ते विसरे. दिग्दर्शक भला माणूस. त्याने हळूच सुचवलं, की गेल्या वर्षीचा आवाज वर चिकटवू. ते हळू बोलणं म्हाताऱ्याच्या कानावर गेलं. दिवा त्याने दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. चौदाव्या वेळी तीन झाल्यावर त्याची नजर डावीकडे आली, सवयीने, मदतीला. ती ओठांनी पाणीवाला म्हणत होती. प्रकाशझोत त्याच्या डोळ्यांवर होता. त्याला तिचे ओठ दिसले नाहीत, तीच दिसली. म्हणून त्याने तिचंच नाव घेतलं, आणि इतक्या विश्वासाने घेतलं की पलीकडे उभ्या असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. मग त्याने दिवा फुंकला आणि विचारलं, आलं ना बरोबर?

दिग्दर्शकाने तिच्याकडे बघितलं. तिने वहीत 'बरोबर' असं लिहून सही केली.

त्याआधी कपडे बदलायच्या खोलीत कप्तानाने तिला बसवून घेतलं होतं. म्हणाला, माझं काय बिघडलंय ते तुला माहीत आहे, दिग्दर्शकाला माहीत आहे, माझ्या मुलीला माहीत आहे. अजून सहा भाग आहेत, यान घरी आणायचंय. चौथ्या माणसाला कळलं तर लोक कप्तानाकडे बघणार नाहीत, माझ्याकडे बघतील. मग मी यायचा नाही. तिने शब्द दिला होता. दादाचा विचार करून दिला नव्हता.

बसवाल्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. मंडळातर्फे मालिकेला पत्र, असं तो म्हणाला. घसा साफ करून त्याने वाचायला घेतलं. पहिलं वाक्य रोबोबद्दल होतं. दुसरं कप्तानाबद्दल. या गृहस्थांना स्वतःच्या भूमिकेत रस उरलेला नसून, पाठांतर करण्याचीही तसदी ते घेत नाहीत, तरी त्यांना सन्मानाने उतरवून, असं ते पुढे जात होतं. बाई मान डोलावत होत्या. पट्टीने त्यांनी पानावर समास आखायला घेतला होता. सगळ्यांच्या सह्यांना पुरेल एवढी जागा त्या सोडत होत्या.

"त्यांची चूक नाही," बहीण म्हणाली.

चौघांनी वळून बघितलं. एकोणीस वर्षांत ती या खोलीत मालिकेच्या बाजूने एक शब्द बोलली नव्हती. तिथे नोकरीला म्हणून तसं तिच्यावर बंधनच होतं, आणि तिला तिथलं काही विचारायचं नाही हे सगळ्यांना मान्य होतं.

"वहीवाली मला म्हणतात तिथे. ते नाव मी घातलं. सही माझी आहे."

मग बाईंचं तोंड सुटलं. त्या इतकी वर्षं शिकवत आल्या होत्या, त्यामुळे ओरडायची त्यांना गरज पडत नसे. त्या म्हणाल्या, घरचंच माणूस निघालं म्हणजे. बरं झालं, शोधायला लांब जावं लागलं नाही. अकरा मेलेल्या माणसांना बाजूला सारून जिवंतपणी तिथे जाऊन उभं राहायची हौस कुणाला असू शकते हे त्यांना आजवर माहीत नव्हतं, आज कळलं. बसवाल्याला पत्र बदलावं लागणार होतं, त्याचा त्याला जास्त राग आला. त्याने पेन झटकलं, कप्तानाची ओळ खोडली आणि तिच्याकडे बघत विचारलं, हुद्दा काय लिहू तुझा. शिंपीण टाचण्यांची डबी उघडत होती, बंद करत होती.

बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं. मान वर ठेवून. पत्रातून म्हातारा सुटला होता, आणि आता लवकर शाई लागली तर मुका फेराही टळला असता. कबुली दिल्यावर कोण कशाला बघत बसेल?

दादा शेवटी बोलला.

"आपण दोघांनी पाठ केली होती ती हजेरी," तो म्हणाला. "जिन्यात बसून. तू पाणीवाल्याला दर वेळी विसरायचीस. मी चिडायचो."

"हो."

"मी दुकानात येणाऱ्या माणसांना सांगतो, माझी बहीण आहे तिथे. ती आहे तोवर काही चुकायचं नाही. चष्मा घ्यायला आलेल्यांना सांगतो, ज्यांना काही घेणंदेणं नाही त्यांना." त्याने रिमोट दुसऱ्या हातात घेतला. "पाणीवाल्याच्या जागी तूच?"

बोलायला तिच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती तिची नव्हती.

"पुढच्या वर्षी येऊ नकोस," दादा म्हणाला. "वही माझ्याकडे राहील."

ती उठली. पिशवी खांद्याला लावली. आपल्या भावाला ती चांगलं ओळखत होती. रागात बोललेलं तो मागे घेत नाही, आणि शांतपणे बोललेलं तर नाहीच. दारापर्यंत तीन पावलं होती.

"थांब. मुका फेरा राहिलाय," दादा म्हणाला. "तुझी चूक आहे म्हणून नियम मोडायचा नाही. शाई लागेपर्यंत बस."

ती म्हणाली, कशाला, मी कबूल केलंय ना. बाईही म्हणाल्या, जाऊ दे, आता बघायचं काय उरलंय. दादाने कुणाचंच ऐकलं नाही. आवाज बंद केला, चित्र मागे नेलं आणि चालू केलं.

बाकीच्यांनी धड बघितलंच नाही. बसवाला पत्रात गुंतला होता, बाई वहीत तारीख घालत होत्या, शिंपिणीचं लक्ष खिडकीकडे होतं. बहीण मात्र पडद्याकडे न बघता भावाकडे बघत उभी राहिली. पडद्याचा उजेड त्याच्या चष्म्यावर हलत होता.

दादाचा धंदा नजरेचा. त्या खुर्चीत रोज कुणीतरी बसतं ज्याला पाटीवरचं दिसत नाही आणि ते कबूल करायचं नसतं. अशी माणसं ओळी पाठ करून येतात. पहिली ओळ खणखणीत म्हणतात, दुसरीही. दादा मग पाटी उलटतो, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं असतात. आणि तिथे ती माणसं पाटीकडे बघायचं सोडून सोबत आलेल्याकडे बघतात. बायकोकडे, मुलीकडे. हात खुर्चीच्या कडेवर सरकतो. हे तो वीस वर्षं बघत आला होता. त्या क्षणी तो नेहमी काहीतरी निमित्त काढून पाठ फिरवतो, काच पुसतो, म्हणजे माणसाला सावरायला वेळ मिळतो.

पडद्यावर कप्तानाचे ओठ तीनदा हलले. मग थांबले. हात टेबलाच्या कडेवरून सरकत गेला. नजर डावीकडे वळली, कॅमेऱ्याच्या बाहेर, आणि तिथे कुणीतरी दिसल्यावर चेहरा सैल झाला. शेजारची तरुण वैमानिक अर्धं पाऊल पुढे आली आणि तिने त्याच्या कोपराखाली हात धरला, हलकाच, कोटाच्या घडीत लपेल असा.

दादाने ते एकदाच बघितलं. मग पडदा बंद केला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसला. बराच वेळ पुसला.

"काही सापडलं?" बाईंनी विचारलं.

"नाही. बटणं बरोबर आहेत."

"मग लिहिते. चूक कुणाची म्हणून लिहू?"

"ती सांगतेय तसंच लिहा," दादा म्हणाला. "आणि आधी हजेरी होऊ दे. उजेड आहे तोवर."

हजेरी पंचनामा संपल्यावरच घ्यायची असते, हे बाईंनी त्याला सांगितलं. तो उठून उभाच राहिला होता. मग नाइलाजाने बाकीचेही उठले. बसवाल्याने कागद खिशात घातला, शिंपिणीने डबी खुर्चीवर ठेवून पदर सारखा केला. काल राहून गेलेलं बारावं नाव तिला आज घ्यायचं होतं. बहीण दारात पिशवीसकट उभी होती. हजेरी चालू असताना कुणी बाहेर जात नाही.

दादाने हात मागे बांधले.

"नकाशेवाली," तो म्हणाला. "थोरला इंजिनिअर. धाकटा इंजिनिअर."

आणि थांबला.

बसवाल्याला आधी वाटलं, ठसका लागला. बाईंनी मान वर केली. दादा भिंतीकडे बघत होता, मग पाटीकडे, मग त्याची नजर डावीकडे दाराशी आली आणि तिथेच राहिली. हात सुटून खुर्चीच्या कडेवर आला होता. बावीस वर्षांत एकदाही न चुकलेला माणूस सगळ्यांसमोर तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा होता, आणि आपल्या बहिणीकडे बघत होता.

तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर तिने पिशवीचा पट्टा घट्ट धरला. ओठ हलवले, आवाज न करता.

"पाणीवाला," दादा म्हणाला.

मग पुढचे सात त्याने न अडखळता घेतले. जुळ्या दोघी, डॉक्टरीणबाई, शिडीवाला, रेडिओवाला, आचारी, माळीण. माळिणीनंतर तो जरा थांबला. शिंपिणीचे ओठ हलून झाले तेव्हाच बसला.

बसवाला म्हणाला, तूपण विसरायला लागलास की काय. दादा म्हणाला, वय झालं. बाईंना मात्र हे हसण्यावारी नेणं जमेना. चूक ती चूक, मग ती कुणाचीही असो, आणि आज तर त्यांना कुणाचीच गय करायची नव्हती. त्यांनी पट्टी ठेवून नवी ओळ आखली.

"ही पण लिहावी लागेल," त्या म्हणाल्या. "चौथ्या नावाशी अडखळला. दुसऱ्याला सांगावं लागलं."

"लिहा."

"कुणी सांगितलं म्हणून लिहू?"

दादाने कोपऱ्यातली उशी उचलली, स्वतःच्या खुर्चीवर ठेवली आणि खुर्ची दाराकडे सरकवली.

"वहीवालीनं," तो म्हणाला.